दोन पट्ट्यांत चार आवाज : स्वस्त होम थिएटर रिसीव्हरची पूर्वकथा

१९८० च्या दशकात अमेरिकेतील एखाद्या मध्यमवर्गीय घरात साधासा सराउंड रिसीव्हर येई. खोलीच्या मागच्या भिंतीवर दोन लहान स्पीकर टांगले जात आणि घरात आधीपासून असलेली चित्रपटाची स्टिरिओ कॅसेट पुन्हा लावली जाई. ऐकणारा दचके. पडद्यावरचा पाऊस आता पाठीमागेही पडत असे. कॅसेट तीच, तिच्यातील ध्वनिवाहिन्याही दोनच. मग हा तिसरा आवाज आला कुठून?

तो कॅसेटमध्ये पहिल्या दिवसापासून होता. त्याला बाहेर काढणारे यंत्र तेवढे घरात नव्हते.

हा आवाज एके काळी किती महाग होता, ते आधी पाहू. १३ नोव्हेंबर १९४० रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात डिस्नेचा ‘फँटेशिया’ झळकला. त्याच्यासाठी ‘फँटासाउंड’ ही बहुवाहिनी ध्वनिव्यवस्था उभारली होती. ध्वनीची फिल्म वेगळी, चित्राची वेगळी, आणि दोन्ही एकाच तालात चालवायच्या. (तिच्या तयारीसाठी डिस्नेने ह्यूलेट आणि पॅकार्ड या दोन तरुणांच्या नवख्या कंपनीकडून आठ ऑसिलेटर घेतले होते. ती कंपनी पुढे कोठे पोहोचली, हे सर्वश्रुत आहे.) एका थिएटरातील उभारणीचा खर्च सुमारे ८५,००० डॉलर सांगितला जातो. अर्थातच ती मोजक्याच शहरांत पोहोचली. युद्धाने उरलीसुरली आशा संपवली आणि बहुसंख्य प्रेक्षकांनी तो चित्रपट साध्या मोनो ध्वनीत ऐकला.

आपल्याकडेही हीच दरी होती. १९७५ साली मुंबईच्या मिनर्व्हात ‘शोले’ ७० मिलिमीटरच्या पडद्यावर, स्टिरिओफोनिक ध्वनीसह चालला. गावोगावच्या टॉकीजमध्ये मात्र ३५ मिलिमीटरची प्रत आणि पडद्यामागचा एकच आवाज.

ही दरी बुजवणाऱ्या रे डॉल्बी यांचा भारताशी संबंध होता. १९६३ ते १९६५ या काळात ते युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून येथे होते. त्यानंतर १९६५ मध्ये त्यांनी लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली. टेपवरील ‘सूंऽऽ’ असा खरखराट दडपण्याची त्यांची पद्धत चित्रपटाच्या प्रकाशीय ध्वनिपट्ट्याला लावली, तेव्हा पूर्वी एकच पट्टा मावणाऱ्या जागेत दोन स्वच्छ पट्टे बसू लागले. पण चित्रपटाला हव्या होत्या चार वाहिन्या : डावी, मधली, उजवी आणि मागची.

येथे उपयोगी पडली ती शाळकरी बेरीज-वजाबाकी. मधला आवाज दोन्ही पट्ट्यांत सारखाच घालायचा. मागचा आवाजही दोन्हींत घालायचा, पण एकात सुलटा आणि दुसऱ्यात उलटा. आता दोन्ही पट्ट्यांची बेरीज केली की मागचा आवाज स्वतःलाच खोडतो आणि मधला उरतो. वजाबाकी केली की मधला जातो आणि मागचा हाती लागतो. या कल्पनेमागे क्वाड्राफोनिक रेकॉर्डांसाठी पीटर शायबर यांनी केलेले काम होते. एसक्यू, क्यूएस, सीडी-४ अशा परस्परांशी न जुळणाऱ्या पद्धतींच्या भांडणात क्वाड्राफोनिक बुडाले, गणित मात्र वाचले. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’च्या यशाने ते चित्रपटगृहांत रुजले.

चित्रपट स्टिरिओ कॅसेटवर उतरवताना हेच दोन पट्टे जसेच्या तसे नकलले गेले आणि त्यांच्यात दडलेली मागची वाहिनी विनासायास घरोघर गेली. १९८२ मध्ये डॉल्बी सराउंडचे घरगुती डीकोडर आले. खरे तर त्याहूनही स्वस्त मार्ग १९७० च्या सुमारासच डेव्हिड हॅफलर यांनी दाखवला होता. डाव्या-उजव्या वाहिन्यांच्या दोन धन टोकांमध्ये एक जादा स्पीकर जोडायचा, म्हणजे तो आपोआप वजाबाकीच ऐकवतो! (दोन्ही वाहिन्यांची ऋण तार समाईक असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवरच हे चालते.)

डीकोडर याहून एक पाऊल पुढे होता. वजाबाकी कधीच पुरती स्वच्छ होत नाही. संवादांचा थोडा अंश मागे झिरपतो. म्हणून मागचा आवाज सुमारे २० मिलिसेकंद उशिरा सोडला जाई. कानाची सवय अशी, की एकच आवाज दोन ठिकाणांहून आला तर जो आधी पोहोचतो त्याच्याच दिशेवर तो विश्वास ठेवतो. शिवाय ७ किलोहर्ट्झच्या वरचे स्वर मागे कापले जात, कारण ‘स’, ‘श’ यांचा झिरपलेला सुसकारा सर्वांत आधी लक्षात येतो. स्वस्त यंत्राची ही काटकसर नव्हती. तो विचारपूर्वक केलेला बंदोबस्त होता.

उणीव दुसरीकडे होती. या डीकोडरांत मधला स्पीकर नव्हता. कोचाच्या मध्यभागी बसणाऱ्याला नायक पडद्यावरून बोलताना ऐकू येई आणि कडेला बसणाऱ्याला जवळच्या स्पीकरमधून. १९८७ च्या प्रो लॉजिकने मधली वाहिनी वेगळी काढली आणि ज्या दिशेचा आवाज वरचढ असेल, तिकडे वळण देणारे सर्किटही आणले. तरीही मागची वाहिनी एकेरीच राहिली, आणि स्वस्त रिसीव्हरांत तिच्या वाट्याला शक्ती बहुधा कमीच येई.

१९९२ च्या ‘बॅटमन रिटर्न्स’पासून चित्रपटगृहांत डॉल्बीचा डिजिटल ५.१ ध्वनी आला. पुढे डीव्हीडीने तो घरात आणला आणि प्रत्येक वाहिनी स्वतंत्र झाली. बेरीज-वजाबाकी रिसीव्हरमधून मात्र लगेच गेली नाही. २००० नंतर प्रो लॉजिक-२ च्या रूपाने ती साध्यासाध्या रिसीव्हरांतही होती, आणि जुनी स्टिरिओ कॅसेट जोडली की त्यांतूनही पाऊस पाठीमागे पडू लागे.