बालगंधर्व (चित्रपट)

मराठी संगीत रंगभूमीवरील गायक-नट नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (26 जून 1888 – 15 जुलै 1967) यांच्या जीवनावरील मराठी बोलपट. प्रदर्शन 6 मे 2011. दिग्दर्शक रवी जाधव, पटकथा अभिराम भडकमकर, संगीत कौशल इनामदार, निर्माते नितीन चंद्रकांत देसाई. नायकाची भूमिका सुबोध भावे यांनी व पत्नी लक्ष्मीबाईंची विभावरी देशपांडे यांनी केली आहे.

बालगंधर्वांचे चरित्र हे जितके गायनाचे, तितकेच एका नाटक मंडळीच्या जमाखर्चाचेही चरित्र होय. 1905 साली किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झालेल्या या नटाने 1913 मध्ये गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्या भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. आणि भागीदार एकामागून एक दूर होऊन मालकीचा सारा भार एकट्या कलावंताच्या शिरी आला, तेव्हा ज्याला स्वरांचा हिशेब अचूक कळे त्याला रुपये-आण्यांचा मात्र कधीच कळला नाही, हे उघड झाले. स्त्रीभूमिकेसाठी खऱ्या जरीचे शालू, नाट्यगृहात अत्तराचा दरवळ, साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा व सारंगीवर कादरबक्ष, अशी ती शाही राहणी होती, आणि तिची किंमत सावकाराच्या दप्तरात चढत होती. गायक-नट केशवराव भोसले यांच्यासह 1921 मध्ये केलेल्या ‘संयुक्त मानापमान’ या नाट्यप्रयोगाचे उत्पन्न टिळक स्वराज्य फंडास गेले; त्याच सुमारास मंडळी कर्जात बुडालेली होती. ते कर्ज पुढे नाटकांच्या उत्पन्नातूनच फेडले गेले. बोलपटांच्या लाटेपुढे नाटक मंडळ्यांचा टिकाव लागेना, तेव्हा प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’ (1935) या बोलपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. पण ज्यांनी त्यांना शालूत पाहिले होते त्यांना पुरुषवेषातील गंधर्व रुचले नाहीत, आणि ते स्वतःही कॅमेऱ्यापुढे रमले नाहीत.

चित्रपटाचे सामर्थ्य पूर्वार्धात आहे. ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी, म्हणजे 12 मार्च 1911 रोजी, कन्येचा मृत्यू झाला असताही नारायणरावांनी रंगभूषा करून प्रयोग पार पाडला, हा प्रसंग कोणताही कारुण्याचा बडेजाव न करता दाखविला आहे. उत्तरार्ध मात्र घाईचा वाटतो: गायिका-नटी गोहराबाई कर्नाटकी यांचा सहवास, ज्यावरून तत्कालीन समाजात मोठे वादंग माजले, तो येथे ओझरताच येतो. चरित्रनायकाविषयीच्या आदराने दिग्दर्शकाचा हात आखडला असावा.

गंधर्वगायकीची हुबेहूब नक्कल हास्यास्पद होते, तर तिच्यापासून फार दूर गेल्यास रसिक क्षमा करीत नाहीत. ही अवघड कामगिरी पंडित भीमसेन जोशी यांचे शिष्य आनंद भाटे यांनी पार पाडली. बालपणीच ‘आनंद गंधर्व’ म्हणून नावाजलेल्या भाट्यांना या गायनाबद्दल 59 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा मान मिळाला. रंगभूषेसाठी विक्रम गायकवाड यांचाही त्यात गौरव झाला.

निर्माते देसाई हे मूळचे कलादिग्दर्शक. 2005 साली त्यांनी उभारलेला एन. डी. स्टुडिओ लोकांच्या तोंडी ‘कर्जतचा स्टुडिओ’ असला, तरी महसुली दप्तराप्रमाणे तो खालापूर तालुक्यात, चौकनजीक आहे. ‘जोधा अकबर’ या चित्रपटासाठीचा आग्र्याचा किल्ला येथेच उभा राहिला. देसाईंच्याही नशिबी पुढे कर्जाचा फेरा आला. स्टुडिओवरील थकबाकी अडीचशे कोटी रुपयांपलीकडे गेली, दिवाळखोरीचे प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेले, आणि 2 ऑगस्ट 2023 रोजी त्याच आवारात त्यांनी आपली जीवनयात्रा संपविली. त्यानंतर हा स्टुडिओ महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळाच्या ताब्यात गेला.