अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट

अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट : एकोणीसशे सत्तरच्या दशकातला मुंबईचा रॉक बँड. ‘ऑब्सेशन ७७’ हा त्याचा पहिला आणि बँड हयात असतानाच्या ध्वनिमुद्रणांचा एकमेव अल्बम. त्या दशकात भारतात तयार झालेला जवळजवळ एकमेव संपूर्ण सायकेडेलिक अल्बम म्हणून जगभरचे तबकडी-संग्राहक त्याला ओळखतात. मायदेशात मात्र तो फारसा कुणाच्या कानी पडला नाही. बेस गिटारवर किथ कांगा, लीड गिटारवर नील चट्टोपाध्याय, गायनात मधुकर चंद्रा धस आणि नंदू भेंडे ही या बँडशी जोडलेली ठळक नावे.

सायकेडेलिक रॉक १९६५ नंतर अमेरिका आणि ब्रिटनमध्ये बहरला. फझ आणि वा-वा पेडलमधून चिरफाळलेला गिटारचा सूर, लांबत जाणारी आलापीसदृश वाजवणी आणि एको ही त्याची ओळख. पिंक फ्लॉइडने १९६७ मध्येच त्याला ग्रहताऱ्यांकडे नेले, लंडनच्या हॉकविंडने तर अंतराळ हाच मुख्य विषय केला. पुढे कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात कायससारखे बँड उघड्यावर जनरेटर लावून रात्रभर वाजवत. मुंबईच्या मुलांना तसली मोकळी वाळू मिळाली नाही. त्यांच्या वाट्याला आले ते कुलाब्याचे डिस्कोथेक, हॉटेलातले मंच, कॉलेजांचे महोत्सव आणि एका सिगारेट कंपनीने भरवलेली ‘सिमला बीट’ ही स्पर्धा. तिच्या १९७० आणि १९७१ च्या संकलन-तबकड्या हा त्या पिढीचा सर्वात मोठा ध्वनिमुद्रित ठेवा आहे. कुलाब्याच्याच ‘स्लिप डिस्क’मध्ये ऑक्टोबर १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट स्थानिक वादकांसोबत वाजवून गेले. ही आठवण मुंबईच्या जुन्या रॉकप्रेमींत अजून सांगितली जाते, आणि दर वेळी ऐकणाऱ्यांची संख्या थोडी वाढते.

ऐकणारे होते, पण तबकडी काढायला कुणी तयार नव्हते. परदेशी गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर आयातबंदीमुळे दुर्मिळ होते. कंपन्यांचे सारे गणित चित्रपटगीतांवर चाले, आणि सायकेडेलियाचा जो काही अंश सर्वसामान्य श्रोत्यापर्यंत पोचला तो ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) मधल्या राहुल देव बर्मन यांच्या ‘दम मारो दम’सारख्या गाण्यातून. बँडला पैसे मिळत ते गाजलेली इंग्रजी गाणी हुबेहूब वाजवण्याचे. स्वतःचे काही रचले तर ते ऐकवायला मंच मिळेलच अशी खात्री नसे.

‘ऑब्सेशन ७७’मध्ये नक्कल आणि स्वतःची रचना यांतली ओढाताण स्पष्ट ऐकू येते. बँडच्या ध्वनिमुद्रणांत जिमी हेंड्रिक्सचे ‘फॉक्सी लेडी’ आणि डीप पर्पलचे ‘मेरी लाँग’ आहे; ती उरकलेली नाहीत, पण ऐकताना मूळ गाणे आठवत राहते. खरी किंमत आहे ती शीर्षकरचनेला. फझ गिटारने चढवत नेलेली ही वाद्यरचना ऐकताना हा बँड स्वतःच्या पायावर उभा राहतो आहे असे जाणवते. शीर्षकातले ७७ हे ध्वनिमुद्रणाच्या सालाचे सूचक आहे. तबकडी बाजारात आली ती मागाहून, बँड पांगल्यावर आणि डिस्कोची लाट उसळलेली असताना. त्यामुळे तिच्यासाठी मैफली करून गिऱ्हाईक जमवायला मागे कुणी उरलेले नव्हते.

मराठी वाचकाला यातले जवळचे नाव नंदू भेंडे यांचे. बबन प्रभूंसोबत मराठी फार्स गाजवणारे आत्माराम भेंडे आणि अभिनेत्री आशा भेंडे यांचा हा मुलगा. व्हेल्वेट फॉग आणि सॅव्हेज एन्काउंटर या बँडमध्येही ते गायले. अ‍ॅलेक पदमसी यांनी मुंबईत १९७४ मध्ये ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ ही रॉक संगीतिका सादर केली तेव्हा धस येशू झाले आणि भेंडे जूडास. रॉक गायकाचा आवाज नाटकाचा भार पेलू शकतो हे तिथे सिद्ध झाले. त्याचा थेट फायदा मराठी रंगभूमीला मिळाला : पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’वरून लिहिलेल्या आणि जब्बार पटेल यांनी थिएटर अकॅडमीसाठी १९७८ मध्ये दिग्दर्शित केलेल्या ‘तीन पैशाचा तमाशा’त भेंडे यांनी प्रमुख भूमिका केली. पारंपरिक गण-गवळणीशेजारी रॉकची चाल बसवणे हा त्या नाटकाचा धाडसी भाग. भेंडे यांच्यासारखा गायक हाताशी नसता तर तो कागदावरच राहिला असता. ‘डिस्को डान्सर’ (१९८२) मधले ‘कृष्णा धरती पे आजा तू’ त्यांनीच गायले. ११ एप्रिल २०१४ रोजी त्यांचे निधन झाले.

अल्बमची मूळ प्रत दरम्यान संग्राहकांच्या बाजारात महागडी वस्तू झाली होती. अमेरिकेतल्या नाउ-अगेन रेकॉर्ड्सने २०११ मध्ये ‘ऑब्सेशन’ या नावाने ही ध्वनिमुद्रणे, अप्रकाशित रेकॉर्डिंगची भर घालून, पुन्हा प्रसिद्ध केली. आज या बँडचे जे काही सहज ऐकायला मिळते ते बहुतांशी या अमेरिकी आवृत्तीमुळे.