ला रोशेल: शेवटचे ४१४ दिवस

४१४ दिवस आधी: १० सप्टेंबर १६२७
फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचं ला रोशेल वेढा घालणाऱ्या राजाच्या फौजेवर तोफा डागतं. ह्युगेनॉट म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंटांचं हे बंदर; वस्ती सुमारे २७ हजार. १५९८ च्या नांतच्या फर्मानाने दिलेले हक्क राजा १३वा लुई हळूहळू काढून घेतोय, ही इथली धास्ती. जुलैत बकिंगहॅमचा ड्यूक इंग्रज फौज घेऊन समोरच्या रे बेटावर उतरला आहे. शहराची सारी भिस्त त्याच्यावर.

३५५ दिवस आधी: ८ नोव्हेंबर
बेटावरचा, राजाच्या ताब्यातला सँ-मार्तँचा किल्ला पडत नाही. दोन दिवसांपूर्वीच्या अखेरच्या हल्ल्यात इंग्रजांच्या शिड्या तटाला पुरल्याच नाहीत. आज गलबतांकडे माघार घेताना त्यांची कत्तल होते.

३३३ दिवस आधी: ३० नोव्हेंबर
राजाचा मुख्य मंत्री कार्डिनल रिशल्यू बंदराचं तोंडच बुजवायला घेतो. सुमारे दीड किलोमीटरचा बांध, आराखडा क्लेमाँ मेतेझोचा. दगड भरलेली गलबतं बुडवायची, वर भराव घालायचा. मधे फट ठेवलेली, म्हणजे भरती-ओहोटीच्या रेट्याने बांध फुटू नये. पाण्याला वाट आहे, धान्याला नाही.

साडेपाच महिने आधी: मे १६२८
डेन्बीचं इंग्रज आरमार येतं, बांध पाहतं आणि निघून जातं. नवा महापौर जाँ गितोन हा मुरलेला दर्यावर्दी. शरणागतीचा शब्द काढणाऱ्यासाठी त्याने टेबलावर खंजीर ठेवला, असं सांगतात.

५६ दिवस आधी: २ सप्टेंबर
नवं आरमार सज्ज करत असतानाच पोर्ट्समथला बकिंगहॅमचा खून होतो. एव्हाना शहराने घोडे, कुत्री, मांजरं संपवली आहेत. लोक कातडं उकळून खातात. बायका, मुलं, म्हातारे ‘बिनकामाची तोंडं’ ठरवून वेशीबाहेर काढले गेले. राजाच्या सैनिकांनी त्यांना पुढे जाऊ दिलं नाही. तट आणि खंदक यांच्यामध्ये ती माणसं उपाशी मेली. या पापात दोन्ही बाजूंचा वाटा आहे.

२५ दिवस आधी: ३ ऑक्टोबर
लिंडसीचं इंग्रज आरमार तोफा डागतं. बांध पार होत नाही.

२८ ऑक्टोबर १६२८
बिनशर्त शरणागती. जिवंत उरले जेमतेम पाच हजार. १ नोव्हेंबरला राजा शहरात येतो. प्राण आणि उपासना यांना अभय मिळतं. शहराचे जुने विशेषाधिकार जातात, तट पाडायचा हुकूम निघतो. थोड्याच दिवसांत वादळ बांधाला भगदाड पाडतं.

पुढच्या वर्षी आलेसच्या तहाने साऱ्या ह्युगेनॉटांचे किल्ले गेले, प्रार्थना तेवढी राहिली. पण ती आता राजाच्या मर्जीवर होती. १६८५ मध्ये लुईच्याच मुलाने, १४व्या लुईने, नांतचं फर्मान रद्द केलं. तेव्हा ते अडवायला ना तट होता, ना किल्ले. ला रोशेलने आधी इंग्रजांच्या मदतीवर विसंबून जीव गमावले, मग राजाच्या कृपेवर विसंबून हक्क. दुसऱ्याच्या मर्जीवर टिकलेलं स्वातंत्र्य त्याच मर्जीने संपतं.