रानात पाहुणा कोण?

व्याख्यानांचा ऋतू आणि वाघ पाहण्याचा ऋतू एकच. चैत्र-वैशाखात पाणवठे आटतात, जनावर उरलेल्या पाण्यावर येते, आणि आपल्याकडच्या मोटारी टिपेश्वर-ताडोब्याच्या वाटेला लागतात. लातूरची मंडळी अहमदपूर, लोहा करीत नांदेडास येतात आणि पुढे पैनगंगा ओलांडतात. गाडी आपली, चालविणारे आपण, शिधा बरोबर, तंबू टपावर. पण ताडोब्याच्या गाभ्याच्या फाटकाशी किल्ली खिशात घालावी लागते आणि नोंदलेल्या जीपमध्ये, वाटाड्याच्या शेजारी बसावे लागते. मुक्कामही बाहेरच. पुष्कळांना याचा राग येतो. ‘जंगल काय कुणाच्या बापाचे आहे?’ असे ते विचारतात. हा प्रश्न आम्हीही विचारला आहे. तो वाईट नाही. मात्र त्याचे उत्तर इतिहासात शोधले पाहिजे.

किनवटचे सागवानी रान आज नांदेड जिल्ह्यात आहे. १९५६ पर्यंत तो तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. निजामी अमदानीत या मुलखात डेरे पडत ते शिकारीचे. राहुट्या बड्या लोकांच्या, आणि हाकारे घालावयास गावची माणसे. ज्यांचे घर त्या रानात होते, ते गोंड आणि कोलाम मात्र सरपणाला व शेताच्या तुकड्याला वनखात्याच्या शिपायाकडे तोंड वेंगाडत. याच आदिलाबाद जिल्ह्यात कोमराम भीम या गोंड पुढाऱ्याने रानावरील हक्कासाठी झुंज दिली आणि १९४० साली तो मारला गेला. तेव्हा ‘जंगल कुणाचे?’ हा प्रश्न आपल्याकडे मोटारवाल्यांनी प्रथम विचारलेला नाही. तो आधी रक्त सांडून विचारला गेला आहे.

त्याच राज्यात १९३१-३२ साली एक वेगळा डेरा फिरत होता. तरुण सलीम अली पत्नी तहमीनाबाईंसह हैदराबाद राज्यातील पक्ष्यांची पाहणी करीत होते. नमुन्यासाठी त्यांनीही बंदूक चालविली. पण त्यांना कातडे भिंतीला लावावयाचे नव्हते, कोणता पक्षी कोठे राहतो याची नोंद करावयाची होती. रानात जाण्याचे कारण बदलू लागले होते. पलीकडे ताडोब्यात १९३५ साली शिकार बंद झाली, १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने साऱ्या देशात शिकाऱ्याचा डेरा उठविला. त्या जागी आपण आलो, मोटार आणि कॅमेरा घेऊन.

येथे कोणी दक्षिण आफ्रिकेचा दाखला देतील. तेथील क्रूगर उद्यान १९२६ साली स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी पर्यटकांच्या मोटारी आत आल्या. आजही तेथे आपली गाडी आपण चालवून सिंह-हत्ती पाहता येतात. खरे आहे. पण त्या स्वातंत्र्याच्या अटीही सांगितल्या पाहिजेत. ठरवून दिलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरावयाचे नाही, वेगाला मर्यादा, आणि अंधारापूर्वी कुंपणाच्या छावणीत परत. शिवाय ते रान पुष्कळसे उघडे, झाडे विरळ. आपल्या सागाच्या आणि बांबूच्या रानात दहा हातांवरचा वाघ दिसत नाही. आणखी एक गोष्ट: क्रूगरच्या उत्तर टोकाच्या माकुलेके लोकांना १९६९ साली घरांवरून उठविले गेले, त्यांची जमीन त्यांच्या नावावर परत झाली ती १९९८ साली.

हे ऐकून आपण चटकन हळहळतो. पण ताडोब्यातूनही बोटेझरी, जामणी, रामदेगीजवळचे नवेगाव ही गावे बाहेर हलविली गेली. वाघासाठी जागा मोकळी झाली, तिचे मोल त्या घरांनी दिले. आता आम्ही विचारतो, जेथे पिढ्यान् पिढ्यांची चूल उरली नाही, तेथे दोन दिवसांच्या पाहुण्याने तंबू ठोकण्याचा हक्क कोणत्या तोंडाने सांगावा? २०१२ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटन तात्पुरते बंद केले, ऑक्टोबरात नवे नियम झाल्यावर ते उघडले. पर्यटनाला गाभ्याचा फार तर पाचवा हिस्सा, असे ठरले. आम्हांला तो नियम जाचक वाटत नाही. उठून गेलेल्यांपुढे तो थोडाच आहे.

आता उलट बाजू पाहू. २०१९ च्या फेब्रुवारीत टिपेश्वरच्या एका तरुण वाघाच्या गळ्यात रेडिओपट्टा बांधण्यात आला. जूनमध्ये तो निघाला, पैनगंगेच्या रानातून आदिलाबाद, नांदेड, हिंगोली करीत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सुमारे १३०० किलोमीटर! रात्री चालावे, दिवसा ओढ्याकाठच्या झुडपात पडून राहावे, असा त्याचा क्रम. तो विसावला होता त्या झुडपात माणसे शिरली, तेव्हा एकजण जखमी झाला. एरवी कापूस आणि सोयाबीनच्या शिवारांतून तो निमूट गेला. त्याला परवाना कोणी दिला नव्हता. आपल्या जिल्ह्यात तो पाहुणा होता, आणि त्याची सोय केली ती नाल्याकाठी उरलेल्या बोरी-बाभळींनी.

लातूर जिल्ह्यात रान नावापुरते उरले आहे. २०१६ साली त्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलो नाही. झुडूप, ओढा, गायरान यांना आपण ‘पडीक’ म्हणतो, नांगर फिरवितो, आणि मग रान पाहावयास शेकडो कोस गाडी हाकतो.

म्हणून श्रोत्यांना आमचे सांगणे एवढेच की, यंदा फाटकाशी किल्ली खिशात घालताना कुरकुर करू नये. आतला वाटाड्या बहुधा त्याच मुलखातला असतो. त्याच्या गावाची हकीकत वाघाच्या आधी विचारावी. आणि परत आल्यावर आपल्या शिवारातल्या नाल्याचे एक पाचर तरी न तोडता राखावे. पुढचा वाघ केव्हा निघेल हे सांगता येत नाही. पण तो निघाला, तर दिवसभर पडून राहावयास त्याला आपल्या हद्दीत सावली लागेल.