एक मिनिट आणि पृथ्वीचे वय

पृथ्वीचे वय किती, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातील विद्वानांत मोठा वाद माजला होता. पृथ्वी हा निवत चाललेला तप्त गोळा आहे असे धरून लॉर्ड केल्व्हिन यांनी इ. स. १८९७ मध्ये तिचे वय २ ते ४ कोटी वर्षे ठरविले. खडकांचे थर साचण्यास व प्राण्यांच्या जाती उत्क्रांत होण्यास एवढा काळ अपुरा आहे, असे अनेक भूस्तरशास्त्रज्ञांस वाटे; परंतु केल्व्हिनांच्या गणितापुढे त्यांचा इलाज चालेना.

या वादाचा निकाल लावणारे साधन हाती आले ते कॅनडातील माँट्रियल शहरी, मॅकगिल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, आणि तेही निराळ्याच शोधातून. थोरियम या मूलद्रव्यापासून एक किरणोत्सर्गी वायू निघतो, असे अर्नेस्ट रदरफोर्ड यांना आढळले. तो वेगळा काढला की सुमारे एका मिनिटात त्याची किरणशक्ती निम्मी होई, हे त्यांनी इ. स. १९०० मध्ये प्रसिद्ध केले. मग दुसऱ्या मिनिटास ती अजिबात संपावी, असे कोणासही वाटेल. तसे होत नाही. उरलेल्याची निम्मी, म्हणजे मूळची चतुर्थांश शिल्लक राहते. तिसऱ्या मिनिटास अष्टमांश. आणि दहाव्या मिनिटाअखेर १,०२४ भागांपैकी केवळ एक. चक्रवाढ व्याजाने मुद्दल ठराविक मुदतीत दुप्पट होत जाते, त्याचाच हा उलटा हिशेब होय. निम्मे होण्याच्या या मुदतीस अर्धायुष्य म्हणतात. एक मूलद्रव्य दुसऱ्यात पालटते म्हणून असे घडते, हे रदरफोर्ड व फ्रेडरिक सॉडी यांनी इ. स. १९०२ मध्ये दाखविले.

थोरियमच्या वायूस लागू पडणारा नियम युरेनियमलाही लागू पडतो. फरक मुदतीचा. युरेनियमच्या मुख्य प्रकाराचे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे असून त्याचे अखेरीस शिसे बनते. समजा, एखाद्या खनिजात आरंभी शिसे मुळीच नव्हते आणि आज दर पाच अणूंपैकी चार युरेनियमचे व एक त्यापासून झालेल्या शिशाचा आहे. मूळचे पाच आज चार उरले; पाचास चारांनी भागून १.२५ येतात. १.२५ चा लॉगॅरिथम ०.०९६९, त्यास २ च्या लॉगॅरिथमने, म्हणजे ०.३०१० ने भागिले असता ०.३२२ येतात. इतकी अर्धायुष्ये लोटली. म्हणजे खनिजाचे वय सुमारे १४४ कोटी वर्षे.

शिसे व युरेनियम यांच्या प्रमाणावरूनच अमेरिकेतील बर्ट्रम बोल्टवुड यांनी इ. स. १९०७ मध्ये काही खनिजांची वये ४१ कोटींपासून २२० कोटी वर्षांपर्यंत काढली. त्यांचे आकडे पुढे सुधारावे लागले, तरी केल्व्हिनांची मर्यादा कायमची मोडली. इ. स. १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी उल्कापाषाणांतील शिशाच्या प्रकारांवरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे निश्चित केले.

केल्व्हिनांची आकडेमोड चुकली नव्हती. गृहीत चुकले होते. पृथ्वीच्या पोटातील उष्णता घट्ट खडकातून केवळ झिरपत बाहेर येते, असे त्यांनी धरले. वस्तुतः खोलवरचा तप्त खडक अतिसंथपणे वरखाली फिरत राहतो व ती उष्णता स्वतःबरोबर वर आणतो.