माउंटन बाइकचे टायर व फ्रेममधील मोकळीक

सस्पेन्शन नसलेल्या पोलादी माउंटन बाइकसाठी टायर निवडताना प्रामुख्याने तीन मापे विचारात घेतली जातात : रिमवर टायर जेथे बसतो त्या वर्तुळाचा व्यास, हवा भरल्यानंतरची टायरची रुंदी व उंची, आणि टायर व फ्रेम यांच्यामध्ये उरणारी मोकळी जागा. या मोकळ्या जागेस मोकळीक असे म्हणतात. पहिले माप चुकल्यास टायर रिमवर बसतच नाही. दुसरे किंवा तिसरे माप चुकल्यास टायर बसतो, पण फ्रेमला घासतो किंवा चिखलात चाक अडकते. मराठवाड्यातील काळ्या, चिकट मातीच्या प्रदेशात मोकळीक हा सोयीइतकाच सुरक्षिततेचाही प्रश्न असतो.

## पार्श्वभूमी

हवा भरलेल्या टायरची कल्पना स्कॉटिश संशोधक रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी इ.स. १८४५ मध्ये पेटंटच्या रूपाने मांडली. सायकलसाठी तिचा यशस्वी उपयोग जॉन बॉइड डनलॉप यांनी इ.स. १८८८ मध्ये बेलफास्ट येथे केला. अमेरिकेतील श्विन कंपनीने इ.स. १९३३ मध्ये २६ इंची, सव्वादोन इंचांच्या आसपास रुंदीचे 'बलून' टायर बाजारात आणले. इ.स. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यातील तरुण अशाच जुन्या सायकली डोंगरउतारावर पळवू लागले आणि त्यातून माउंटन बाइक जन्मास आली. जो ब्रीझ यांनी इ.स. १९७७ मध्ये या वापरासाठी क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाची खास फ्रेम तयार केली. इ.स. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची 'स्टम्पजंपर' ही मोठ्या संख्येने उत्पादित झालेली माउंटन बाइक आली. पुढील चिमट्यातील सस्पेन्शनचा प्रसार इ.स. १९८९ नंतर झाला. त्यापूर्वीच्या बहुतेक माउंटन बाइक ताठ चिमट्याच्या होत्या. अशा सायकलीत धक्के सोसण्याचे काम मुख्यतः टायरच करतो. म्हणून टायरच्या निवडीला तेथे अधिक महत्त्व आहे.

## टायरची मापे

टायरवर लिहिलेला इंचातील आकडा हा टायरच्या बाहेरील व्यासाचा स्थूल अंदाज असतो. रिमचे नेमके माप त्यावरून कळत नाही. '२६ इंच' या एकाच नावाखाली परस्परांच्या जागी न बसणारे अनेक टायर विकले जातात. हा गोंधळ टाळण्यासाठी युरोपियन टायर अँड रिम टेक्निकल ऑर्गनायझेशन (ईटीआरटीओ) या संस्थेची मिलिमीटर पद्धत वापरली जाते. आयएसओ ५७७५ या आंतरराष्ट्रीय मानकातही हीच पद्धत आहे. तीत प्रथम टायरची रुंदी व नंतर रिमवरील बैठकीचा व्यास लिहितात. उदाहरणार्थ, ५४-५५९ म्हणजे सुमारे ५४ मिमी रुंदीचा व ५५९ मिमी बैठकीचा टायर. हे आकडे टायरच्या बाजूच्या भिंतीवर उठावात छापलेले असतात.

| प्रचलित नाव | बैठकीचा व्यास (मिमी) | सर्वसाधारण वापर |
|---|---|---|
| २६ × १.९५, २६ × २.१० | ५५९ | जुन्या पद्धतीच्या माउंटन बाइक |
| २६ × १ ३/८ | ५९० | साध्या, विशेषतः मुलींच्या सायकली |
| २७.५ इंच (६५०-बी) | ५८४ | अलीकडच्या माउंटन बाइक |
| २९ इंच, ७००-सी | ६२२ | अलीकडच्या माउंटन बाइक व रस्त्यावरील सायकली |
| २८ × १ १/२ | ६३५ | दांडीच्या ब्रेकची पारंपरिक भारतीय सायकल |

दशांशात लिहिलेले व अपूर्णांकात लिहिलेले माप गणिताने समान असले, तरी टायर समान असतीलच असे नाही. २६ × १.७५ या टायरची बैठक ५५९ मिमी आहे, तर २६ × १ ३/४ या टायरची ५७१ मिमी. त्यामुळे गावातील दुकानातून केवळ 'सव्वीसचा टायर' मागितल्यास माउंटन बाइकच्या मालकाला ५९० मिमीचा टायर मिळण्याची शक्यता असते. तो ५५९ मिमीच्या रिमवर सैल राहतो आणि हवा भरताच निसटतो. खरेदीच्या वेळी जुन्या टायरवरील मिलिमीटरचा आकडा लिहून नेणे हा यावरील सोपा उपाय आहे.

## रिमची रुंदी

टायरची रुंदी रिमच्या आतील रुंदीशी जुळणारी असावी लागते. १९ मिमी आतील रुंदीच्या रिमवर साधारणपणे २८ ते ६० मिमी रुंदीचे टायर बसवण्याची प्रथा आहे. अरुंद रिमवर फार रुंद टायर बसवल्यास कमी दाबाच्या वेळी तो वळणावर बाजूला कलतो. रुंद रिमवर फार अरुंद टायर बसवल्यास रिमच्या कडा दगडावर आपटण्याचा धोका वाढतो. तोच टायर अधिक रुंद रिमवर बसवला असता काहीसा अधिक रुंद होतो. म्हणून टायरवरील आकडा आणि प्रत्यक्ष रुंदी यांत २–३ मिमीचा फरक आढळू शकतो.

## मोकळीक कोठे व कशी मोजावी

टायर फ्रेमला पुढील ठिकाणी घासण्याची शक्यता असते :

* पुढील चिमट्याचे दोन पाय आणि त्यांचा वरचा जोड;
* पायडलच्या आसाच्या नळकांड्यापासून मागील चाकाच्या आसाकडे जाणाऱ्या दोन आडव्या नळ्या व त्यांना जोडणारी छोटी आडपट्टी;
* सीटखालून मागील आसाकडे उतरणाऱ्या दोन नळ्या व त्यांवरील ब्रेकजवळची आडपट्टी;
* ब्रेकचे हात, मडगार्ड आणि त्याचे बोल्ट.

यांपैकी पायडलमागील आडव्या नळ्यांमधील जागा बहुधा सर्वांत अरुंद असते, कारण तेथे टायरबरोबरच साखळीचे दातेरी चक्र व पायडलचे दांडे यांनाही जागा द्यावी लागते. अनेक पोलादी फ्रेममध्ये या नळ्या टायरच्या जागी कारखान्यातच किंचित दाबलेल्या असतात.

मोजणीपूर्वी चाक आसावर सरळ बसवून नट घट्ट करतात व टायरमध्ये पूर्ण हवा भरतात. नवा टायर ताणला जाऊन पहिल्या एक-दोन दिवसांत थोडा रुंद होतो. त्यामुळे मोजणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करणे योग्य ठरते. रुंदी मोजताना टायरची भिंत आणि नक्षीचे कडेचे ठोकळे यांपैकी जे अधिक बाहेर असेल ते धरतात. प्रत्येक बाजूस किमान ६ मिमी मोकळीक असावी, असा सर्वसाधारण नियम आहे. व्हर्नियर कॅलिपर नसल्यास ६ मिमीची ॲलन की टायर व नळी यांच्या फटीतून सरकवून पाहता येते. ती न अडकता गेली पाहिजे. चाक पूर्ण एक फेरा फिरवून सर्वांत अरुंद फट शोधली जाते.

आडव्या खाचेचा आस असलेल्या फ्रेममध्ये चाक पुढे-मागे सरकवता येते. चाक मागे घेतल्यास नळ्यांमधील अंतर वाढते आणि मोकळीकही वाढते. साखळी लांबल्यावर चाक मागेच न्यावे लागते. साखळीतील कड्या कमी केल्यास मात्र ते पुढे येते. अशा वेळी मोकळीक पुन्हा तपासणे आवश्यक असते.

### उदाहरण

टायरची उंची रुंदीइतकीच धरल्यास बाहेरील व्यास म्हणजे बैठकीचा व्यास अधिक रुंदीची दुप्पट. ५४-५५९ टायरचा व्यास ५५९ + १०८ = ६६७ मिमी आणि त्रिज्या ३३३.५ मिमी येते. आसापासून आडपट्टीचे अंतर ३५० मिमी असल्यास तेथे १६.५ मिमी जागा उरते. टायरच्या जागी दोन नळ्यांमधील अंतर ६६ मिमी असेल, तर प्रत्येक बाजूस ६ मिमी मोकळीक मिळते. त्याच फ्रेममध्ये ५० मिमीचा टायर बसवल्यास ती ८ मिमी आणि ४४ मिमीचा बसवल्यास ११ मिमी होते. रिम २ मिमी 'आउट' असेल, म्हणजे फिरताना एका बाजूला झुकत असेल, तर यांतील प्रत्येक आकड्यातून २ मिमी वजा करावे लागतात. चाकाची एखादी तार तुटल्यावर रिम याहूनही अधिक झुकते. पुरेशी मोकळीक असल्यास अशा स्थितीतही सायकल घरापर्यंत आणता येते.

## काळ्या मातीच्या प्रदेशातील वापर

परभणी जिल्ह्यातील पोखर्णी हे नृसिंह मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले गाव गोदावरीच्या खोऱ्यात आहे. कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी ही या परिसरातील प्रमुख पिके होत. येथील काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनली असून तिच्यात माँटमोरिलोनाइट वर्गातील चिकणखनिजांचे प्रमाण मोठे असते. ही खनिजे पाणी शोषून फुगतात व वाळताना आकसतात. उन्हाळ्यात जमिनीला पडणाऱ्या भेगा आणि पावसाळ्यातील चिकट चिखल ही एकाच गुणधर्माची दोन रूपे आहेत.

डांबरी रस्त्यावर पुरेशी ठरणारी ६ मिमी मोकळीक या भागातील गाडीवाटेवर व पाणंद रस्त्यावर जून ते सप्टेंबर या काळात अपुरी पडते. ५०-५५९ टायरचा परिघ सुमारे २.०७ मीटर असतो; म्हणजे एका किलोमीटरमध्ये चाक सुमारे ४८० वेळा फिरते. प्रत्येक फेऱ्यात मातीचा अगदी पातळ थर चढला, तरी मोकळी जागा लवकरच भरून जाते. गवत, काडीकचरा व पिकांची धसकटे मातीत मिसळल्यावर हा थर अधिक घट्ट होतो. पूर्ण पातळ झालेल्या चिखलापेक्षा पाऊस उघडल्यानंतरचा अर्धवट ओला चिखल अधिक त्रासदायक असतो, कारण तो गळून पडत नाही.

या कारणांमुळे काळ्या मातीत रुंद टायर नेहमीच उपयुक्त ठरतो असे नाही. कोरड्या, वाळूच्या किंवा खडकाळ वाटेवर रुंद टायरचा फायदा होतो. चिकट चिखलात मात्र त्याच फ्रेममधील अरुंद टायर मातीसाठी अधिक जागा सोडतो. ५४ मिमीऐवजी ४४ ते ५० मिमीचा टायर वापरणे हा पावसाळ्यापुरता व्यवहार्य पर्याय आहे.

मडगार्ड बसवलेल्या साध्या सायकलीत चिखल प्रथम मडगार्ड व टायर यांच्यामध्ये साचतो. मानव विकास कार्यक्रमांतर्गत राज्यातील निवडक तालुक्यांत इयत्ता ८ वी ते १२ वीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकल घेण्याकरिता अर्थसाहाय्य दिले जाते. ज्या वाडी-वस्तीपासून पक्क्या रस्त्यापर्यंतचा पट्टा मातीचा असतो, तेथे पावसाळ्यात सायकल चालेल की खांद्यावर घ्यावी लागेल, हे बरेचसे या काही मिलिमीटरांवर ठरते. लांब, पातळ मडगार्डाऐवजी टायरपासून दूर बसणारा आखूड प्लॅस्टिक मडगार्ड अशा वाटेवर कमी अडकतो.

## नक्षी आणि काटे

दाट, उथळ नक्षीचा टायर पक्क्या रस्त्यावर हलका चालतो. पण चिखलात त्याच्या खाचा भरतात व टायर गुळगुळीत होतो. विरळ व उंच ठोकळ्यांच्या नक्षीतून माती तुलनेने लवकर झटकली जाते. ठोकळे उंच असल्यास तेवढी मोकळीक कमी होते, हे निवड करताना लक्षात घ्यावे लागते. बाभूळ व वेडी बाभूळ यांचे काटे हे या भागातील पंक्चरचे नेहमीचे कारण आहे. जाड रबराचा किंवा काटेरोधक थर असलेला टायर वजनाने जड असला, तरी शेतवाटेवर टिकाऊ ठरतो.

## हवेचा दाब

दाबाची कमाल मर्यादा टायरच्या भिंतीवर छापलेली असते. समान दाबात रुंद टायरच्या कापडी थरावर अधिक ताण येतो. म्हणून रुंद टायरची मर्यादा अरुंद टायरपेक्षा कमी असते. सुमारे ५० मिमी रुंदीच्या टायरमध्ये चालकाच्या वजनानुसार साधारण ३० ते ५० पीएसआय दाब ठेवला जातो. मागील चाकावर अधिक भार येत असल्याने त्यात काही पीएसआय जास्त हवा भरतात. दाब कमी ठेवल्यास टायर अधिक धक्के शोषतो, परंतु तो फार कमी असल्यास ट्यूब रिम व दगड यांच्यामध्ये चिमटून तिला दोन समांतर छिद्रे पडतात.

## सुरक्षितता

मागील चाक अडकल्यास सायकल थांबते. पुढील चाक वेगात अडकल्यास चालक हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो. म्हणून पुढील चिमट्यातील मोकळीक मागील चाकापेक्षा कमी असू नये. पुढील चिमट्यात बहुधा अधिक जागा असते. त्यामुळे पुढे थोडा रुंद व मागे थोडा अरुंद टायर अशी जोडी कोरड्या ऋतूत वापरली जाते. टायर बदलल्यावर वळण घेताना पायाचा चवडा पुढील चाकाला लागत नाही, हेही तपासावे लागते.

मोकळीक कमी पडल्यास अरुंद टायर घेणे, रिमचा 'आउट' काढणे, चाक खाचेत मागे सरकवणे किंवा मडगार्ड उंच बसवणे हे उपाय करता येतात. नळ्या कानशीने घासणे किंवा ठोकून दाबणे धोकादायक आहे. चांगल्या पोलादी फ्रेमच्या नळ्यांची जाडी मधल्या भागात एक मिलिमीटरहूनही कमी असू शकते, आणि घासलेल्या जागी पुढे गंज व तडा यांची सुरुवात होते. टायर आधीच घासत असल्यास नळीवरील रंग उडून चकचकीत पट्टा दिसतो. असा पट्टा दिसताच टायर बदलून उघड्या पोलादावर रंग देणे आवश्यक असते.

रिमवर दाबणारे ब्रेक असलेल्या जुन्या फ्रेममध्ये ५५९ मिमीऐवजी ५८४ किंवा ६२२ मिमीचे चाक बसवता येत नाही, कारण ब्रेकचे गुटके नव्या रिमच्या उंचीपर्यंत पोहोचत नाहीत. डिस्क ब्रेकच्या फ्रेममध्ये हा अडथळा नसतो. तेथे ५४-५५९ ऐवजी ४०-५८४ टायर घेतल्यास बाहेरील व्यास ६६४ मिमी, म्हणजे जवळजवळ तेवढाच राहतो आणि प्रत्येक बाजूस ७ मिमी अधिक मोकळीक मिळते.