दात आधी, चकली मागून

आमच्या अकोल्याच्या घरी दिवाळीची पहिली चकली चव पाहायला आईच्या हाती जाते. गेली काही वर्षे ती कुटून द्यावी लागे. तोंडात एकही दात नव्हता, आणि खालची कवळी बोलतानाच नाचे. तिचा तरी काय दोष? दात गेले की खालचे हाडही झिजते. कवळी टेकणार कशावर?

यंदा मूर्तिजापूर, बडनेरा करीत आईला अमरावतीच्या दंतवैद्यांकडे नेले. जबड्यात टायटेनियमचे चार खुंट बसवून त्याच दिवशी दात देऊ, असे ते म्हणाले, तेव्हा मी चमकलो. माझे वाचन उलटे सांगत होते.

ही कथा सशापासून सुरू होते. १९५२ साली स्वीडनमधील लुंड येथे ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या हाडात टायटेनियमची नळकांडी बसवून रक्ताभिसरण पाहत होते. पुढे नळकांडे काढू गेले, तर निघेना. हाड त्याला धरून वाढले होते! १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन यांच्या जबड्यात असे खुंट बसविले. ते २००६ साली लार्सन वारले तोवर टिकले. मात्र दंडक कडक होता : खाली तीन महिने, वर सहा महिने खुंटांवर भार नाही.

पुढे कळले, की प्रश्न काळाचा कमी, स्थिरतेचा अधिक. खुंट मिलिमीटरच्या दशांशाहून फार हलला, तर भोवती हाड धरत नाही. पण मांडवाचे खांब आडव्या बांबूने जखडावेत तसे खुंट ताठ पट्टीने बांधले, तर ते एकमेकांना सावरतात. स्वित्झर्लंडच्या लेडरमान यांनी १९७९ मध्ये ही वाट दाखविली. लिस्बनच्या मालो यांनी चारच खुंटांवर, मागचे दोन तिरपे घालून नस चुकवीत, सगळी दंतपंक्ती उभी केली. ते काम २००३ मध्ये प्रसिद्ध झाले.

आमच्या दंतवैद्यांनी आधी मेणात दात लावून आईला बोलायला, हसायला लावले. मग त्या दातांच्या हिशेबाने हाडाचे छायाचित्र, रक्तातली साखर. छप्पर आधी, पाया मागून! ऐनवेळी खुंटांची पकड घट्ट आली नाही, तर जुनीच तीन महिन्यांची वाट, हेही त्यांनी आधीच सांगितले. ते मला आवडले.

आई म्हणाली, "दात आज देता, अन् चकली कवा? थे सांगा."

डॉक्टर हसले. हे दात तात्पुरते. हाड धरेपर्यंत काही महिने मऊ भात, खिचडी, शिरा.

संध्याकाळी आई नव्या दातांनी घरी निघाली. दिवाळीला चकली चहात भिजवूनच दिली. तिने डोळे मिटून चव घेतली आणि सुनेला म्हणाली, "मीठ कमी पडलं."